सफारीचे पैसे भरण्याआधी एक प्रश्न

केनियातील मसाईमारा अभयारण्यात जुलै ते ऑक्टोबर या काळात लाखो प्राणी स्थलांतर करून येतात. ते दृश्य पाहायला आता महाराष्ट्रातूनही अनेक जण जातात, आणि त्यात निवृत्तीनंतर जग पाहायला निघालेली मंडळीही असतात. सहलीच्या माहितीपत्रकात जेवण, हॉटेल, जीपमधील खिडकीची जागा यांची सविस्तर माहिती असते. ‘यलो फीव्हरची लस आवश्यक’ ही ओळ मात्र अनेकदा अटींच्या गर्दीत हरवते. ‘तुम्ही स्टिरॉइडची गोळी घेता का?’ हा प्रश्न तर फारसा कोणी विचारतच नाही. काही पर्यटकांसाठी सगळी सहल याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

यलो फीव्हर म्हणजे पीतज्वर. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील काही देशांत आढळणारा हा विषाणूजन्य आजार डासांमार्फत पसरतो. भारतात तो नाही. पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास, म्हणजे डेंग्यूचाच डास, आपल्या घरोघरी आहे. म्हणूनच भारताचा नियम कडक आहे. केनियासारख्या देशातून परतताना लसीकरणाचे प्रमाणपत्र नसेल, तर प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही लस सरकारने अधिकृत केलेल्या केंद्रांवरच मिळते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते आणि 2016 पासून ते आयुष्यभरासाठी वैध मानले जाते.

अडचण आहे ती लसीच्या प्रकारात. यलो फीव्हरची लस जिवंत, पण दुर्बळ केलेल्या विषाणूची असते. निरोगी माणसाची प्रतिकारशक्ती त्याला सहज आवरते. स्टिरॉइड मात्र हीच प्रतिकारशक्ती दडपतात. संधिवात, ल्युपस, आतड्यांचा दाह, मूत्रपिंडाचे काही विकार यांत त्यांचा उपयोग होतो तो त्यामुळेच. रोज 20 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रेडनिसोलोन दोन आठवडे किंवा जास्त काळ घेणाऱ्या व्यक्तीला जिवंत विषाणूची लस देऊ नये, असा सर्वसाधारण वैद्यकीय संकेत आहे. मिथाइलप्रेडनिसोलोनच्या बाबतीत हीच मात्रा 16 मिलिग्रॅम धरली जाते. असे उपचार थांबल्यानंतरही किमान महिनाभर, काही रुग्णांत त्याहून जास्त, थांबावे लागते. साठी ओलांडलेल्यांत या लसीच्या गंभीर दुष्परिणामांचा धोका मुळातच थोडा वाढतो, हेही लक्षात घ्यायला हवे. दम्याचा इन्हेलर, त्वचेवरचे मलम किंवा सांध्यातले इंजेक्शन मात्र सहसा आड येत नाही. तरीही केंद्रावर ते सांगायला हवेच.

यातून सुचणारी सर्वांत घातक पळवाट म्हणजे लसीसाठी गोळी आपल्या मनाने बंद करणे. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांच्या ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसॉल तयार करणे जवळपास थांबवतात. गोळी एकदम बंद झाली तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते. तसाच धोका लस केंद्रावर गोळीचा उल्लेख टाळण्यात आहे.

आपण स्टिरॉइड घेतो हेच अनेकांना ठाऊक नसते, हा आपल्याकडचा आणखी एक प्रश्न. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांत आणि गोळ्यांत स्टिरॉइडची भेसळ आढळल्याची उदाहरणे आहेत. ‘पुडी घेतली की दोन दिवसांत गुडघे मोकळे’ असा अनुभव असेल, तर आनंद मानण्याऐवजी ती डॉक्टरांना दाखवावी.

मग स्टिरॉइड घेणाऱ्यांनी घरीच बसायचे का? मुळीच नाही. फ्लू, टायफॉइडचे इंजेक्शन, हज-उमराहसाठी लागणारी मेनिंगोकॉकलची लस यांत जिवंत जंतू नसतात. या लसी चालतात, फक्त त्यांचा परिणाम थोडा कमी होऊ शकतो. हिपॅटायटिस ‘ए’ आणि जपानी मेंदूज्वर यांच्या मात्र आपल्याकडे जिवंत आणि निष्क्रिय अशा दोन्ही प्रकारच्या लसी आहेत. त्यामुळे ‘कोणती?’ हे विचारूनच घ्याव्यात. यलो फीव्हरची लस देता येत नसेल, तर डॉक्टर तसे वैद्यकीय सूट-पत्र देऊ शकतात. पण कागदाने डास अडत नाही, आणि पत्र असूनही विलगीकरण टळेलच असे नाही. अशा वेळी आफ्रिकेऐवजी श्रीलंका, जपान किंवा युरोप निवडणे यात कमीपणा कसला?

दूरच्या प्रवासाला निघताना गोळ्या हातातल्या बॅगेतच असाव्यात. त्या मूळ पाकिटात, औषधाचे मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह आणि ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त पुरतील इतक्या घ्याव्यात. घड्याळाची वेळ बदलल्यावर डोस कधी घ्यायचा, हे आधीच विचारून ठेवावे. ताप आला तर मात्रा किती वाढवायची, हे लिहून घ्यावे. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर हॉटेलवर वाट पाहू नये. इंजेक्शनची गरज लागू शकते. स्टिरॉइडमुळे संसर्ग असूनही ताप कमी दिसतो आणि मधुमेहींची साखर वाढते. केनियात मलेरियाही आहे. त्याच्या प्रतिबंधक गोळ्या वेगळ्या घ्याव्या लागतात. प्रवास विम्यात जुना आजार लपवला, तर ऐन वेळी दावा नाकारला जाऊ शकतो.

ही सगळी जबाबदारी एकट्या रुग्णावर टाकून चालणार नाही. सहल कंपन्यांनी आगाऊ रक्कम स्वीकारण्याआधी नियमित औषधांची माहिती विचारावी आणि लस देता येत नसल्यास पैसे परत करण्याची अट स्पष्ट छापावी. दीर्घकाळ स्टिरॉइड लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी औषधाचे नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख असलेले छोटे कार्ड रुग्णाला द्यावे. आणि रुग्णाने परदेशी सहलीचा विचार मनात येताच, निदान तीन-चार महिने आधी, ते कार्ड घेऊन डॉक्टरांना गाठावे. तेवढ्या काळात मात्रा कमी करता येईल का, हे तपासता येते; नाहीतर ठिकाण बदलता येते. विमानाचे तिकीट हातात पडल्यावर मात्र फार थोडे पर्याय उरतात.