पाय विकायचे नाहीत, पदवी कमवायची आहे

जयंतीच्या तयारीची बैठक संपली होती. सतरंज्या गुंडाळत होतो तेव्हा वस्तीतला एक बाप हातात प्लास्टिकची फाईल घेऊन थांबला. पोरगा अकरावीत आहे, जिल्हा पातळीवर आठशे मीटर पळतो. फाईलमध्ये पोराची प्रमाणपत्रं होती आणि त्यांच्यावर एका एजंटाचं रंगीत पत्रक. अमेरिकेच्या कॉलेजात खेळाची शिष्यवृत्ती, शंभर टक्के खात्री, फी तीन लाख. बाप म्हणाला, "भाऊ, भरू का पैसे? प्लॉट काढावा लागेल."

बाजूला बसलेले एक जुने कार्यकर्ते चटकन म्हणाले, "पोराला पळवू नका, शिकवा. हजारो वर्षं आपलं अंगच वापरलं ना लोकांनी? आता परदेशात जाऊनही अंगमेहनतच करायची?"

बापाचा प्रश्न पैशाचा होता आणि काकांचा प्रश्न विचाराचा. दोन्ही खरे आहेत. त्या रात्री मला दोघांनाही नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख ते उत्तर आहे.

आधी व्यवस्था समजून घेऊ. अमेरिकेत खेळ कॉलेजच्या आत आहे. १९०६ साली स्थापन झालेली एनसीएए ही संस्था सुमारे अकराशे कॉलेजांचे खेळ चालवते. तिचे तीन विभाग आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या विभागातली कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देऊ शकतात, तिसऱ्या विभागातली देत नाहीत. याशिवाय एनएआयए नावाची लहान कॉलेजांची संघटना आहे आणि दोन वर्षांच्या कॉलेजांची एनजेसीएए आहे. तिथेही शिष्यवृत्ती मिळते. प्रशिक्षक आपल्या संघासाठी जगभरातून खेळाडू शोधतो आणि त्याच्या शिक्षणाचा खर्च, पूर्ण किंवा काही भाग, कॉलेज उचलतं. अनेक खासगी विद्यापीठांत राहण्याजेवणासह वर्षाचा खर्च पन्नास लाखांच्या पुढे जातो. म्हणजे ही लहान रक्कम नाही.

भारतीय पोरं या रस्त्याने गेलेली आहेत. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळत २००७ आणि २००८ असा लागोपाठ दोनदा टेनिसचा एनसीएए विजेता झाला. उंच उडीतला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून २०१८ आणि २०२२ मध्ये विजेता झाला. हरियाणातल्या नूह भागातल्या खेड्यातून आलेला परवेज खान मध्यम पल्ल्याच्या शर्यतींच्या जोरावर फ्लोरिडा विद्यापीठात पोचला.

आता काकांच्या आक्षेपाकडे येतो, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पळवणकर बाळूंचं उदाहरण आपल्याला माहीत आहे. चर्मकार समाजातला हा गोलंदाज १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला. पण पुण्यात सवर्ण खेळाडूंबरोबर खेळताना त्याचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जायचा. चेंडू त्याच्या हातचा चालत होता, कप चालत नव्हता. कर्णधारपद तर त्याला मिळालंच नाही.

अमेरिकेतही हेच घडलं. जेसी ओवेन्स ओहायो स्टेट विद्यापीठात असताना १९३५ मध्ये एकाच दुपारी, पाऊण तासाच्या आत, तीन जागतिक विक्रम मोडले आणि चौथ्याची बरोबरी केली. त्या विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती दिलेली नव्हती. तो लिफ्ट चालवायचा, पेट्रोल पंपावर काम करायचा आणि काळा म्हणून विद्यापीठाच्या वसतिगृहाबाहेर राहायचा.

'स्टुडंट-ॲथलीट' हा गोड वाटणारा शब्द तर मुळात कामगाराचा हक्क नाकारण्यासाठी रुजवला गेला. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या एका कॉलेजचा खेळाडू रे डेनिसन फुटबॉल खेळताना डोक्याला मार लागून मेला. त्याच्या बायकोने कामगार म्हणून भरपाई मागितली. १९५७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. तो विद्यार्थी आहे, कामगार नाही, हा युक्तिवाद एनसीएएने पुढे कित्येक वर्षं वापरला. सामन्यांच्या प्रक्षेपणातून अब्जावधी डॉलर येत राहिले आणि खेळणारा मात्र 'विद्यार्थी' राहिला. २०२५ च्या एका न्यायालयीन तडजोडीनंतर कुठे त्या वर्षीच्या १ जुलैपासून कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळलेल्या बाबासाहेबांच्या अनुयायांना यातली खोच वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

म्हणजे काकांचं बरोबर आहे का? निम्मं बरोबर आहे.

उरलेलं निम्मं टेनेसी स्टेट विद्यापीठात सापडतं. हे काळ्या लोकांचं विद्यापीठ. तिथे एड टेम्पल नावाचे प्रशिक्षक गरीब काळ्या मुलींना पळायला शिकवायचे. विल्मा रुडॉल्फ तिथलीच. लहानपणी पोलिओ झालेली ही मुलगी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकली. त्या मुलींना तेव्हा पूर्ण शिष्यवृत्तीही नव्हती, कॅम्पसवर काम करून शिकावं लागे. पण टेम्पल यांचा नियम पक्का होता की पदवी घेतल्याशिवाय इथून जायचं नाही. त्यांच्या हाताखालून चाळीस ऑलिंपिक खेळाडू घडले आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी पदवी घेतली. पदकं कपाटात राहिली, त्या पदव्यांनी घरं बदलली.

आणि काकांना मला आणखी एक विचारायचं आहे. आपल्या पोरांसाठी इथे खेळाचा रस्ता आज कुठे जातो? पोलीस भरती, रेल्वे, सैन्य. बीडच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात, ५ महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि सैन्यातूनच पुढे ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचला. त्याचं कौतुक आहेच. पण गरिबाच्या पोराला पळता येतं म्हटल्यावर आपल्याला भरती आठवते, विद्यापीठ का आठवत नाही? पाय तर आपण आजही देतोच आहोत, फक्त बदल्यात पदवी मागत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: सौदा करायचाच असेल तर पदवीचा करा.

आता बापाच्या प्रश्नाकडे, म्हणजे व्यवहाराकडे.

पहिली गोष्ट खेळाची. कबड्डी, खो-खो, क्रिकेट, बॅडमिंटन, बॉक्सिंग, वेटलिफ्टिंग यांना एनसीएएमध्ये जागा नाही. टेनिस, पोहणं, तलवारबाजी आहे, पण त्यासाठी लहानपणापासून क्लबचे पैसे लागतात. आपल्या वस्त्यांसाठी खरा रस्ता ॲथलेटिक्सचा आहे. पुरुषांची कुस्ती आहे, पण तिचे नियम आपल्या मॅटवरच्या कुस्तीपेक्षा वेगळे आहेत. महिलांच्या कुस्तीला २०२५ मध्ये एनसीएएच्या अजिंक्यपद स्पर्धेचा दर्जा मिळाला, तिथे आपल्या मुलींना नवं दार उघडलं आहे. हॉकी फक्त मुलींसाठी आहे.

दुसरी गोष्ट अभ्यासाची, आणि इथेच आपली पोरं मागे पडतात. नववी ते बारावी या काळातले १६ मूळ विषय मोजले जातात: इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं. पहिल्या विभागासाठी त्यांची सरासरी चारपैकी किमान २.३ लागते, दुसऱ्यासाठी २.२. पहिल्या विभागासाठी गणित तीन वर्षांचं लागतं. आपल्याकडे दहावी झाली की खेळाडू पोराला सरसकट कला शाखेत टाकतात, गणित सुटतं आणि दार तिथेच बंद व्हायची वेळ येते. म्हणून अकरावीला शाखा निवडण्याआधी विचार करा. नववीपासूनच्या गुणपत्रिका जपून ठेवा, मराठीतल्या कागदांचं प्रमाणित भाषांतर लागेल. एनसीएएने सॅट परीक्षेची अट २०२३ मध्ये काढली, पण काही विद्यापीठं प्रवेशासाठी ती मागतात. इंग्रजीची परीक्षा बहुतेक ठिकाणी द्यावीच लागते.

तिसरी गोष्ट वेळेची. बारावीनंतर दोन-तीन वर्षं मैदानावर काढून मग अमेरिकेचा विचार करू, असं चालत नाही. बारावीनंतर एक वर्षाच्या पुढे संघटित स्पर्धा खेळत राहिलात तर पात्रतेची वर्षं कापली जातात, टेनिसमध्ये तर ही सवलत सहाच महिन्यांची असं नियम सांगत आला आहे. सध्या हे नियम झपाट्याने बदलत आहेत, म्हणून अर्ज करताना एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरचं त्या वर्षीचं पत्रकच वाचा. आणि तालुक्याच्या मैदानावर स्टॉपवॉचने घेतलेली वेळ तिथला प्रशिक्षक धरत नाही. इलेक्ट्रॉनिक वेळ असलेल्या राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेतली नोंद हवी.

चौथी गोष्ट पैशाची. 'शिष्यवृत्ती' म्हटलं की आपण पूर्ण समजतो. पहिल्या विभागात पुरुषांच्या ॲथलेटिक्स आणि क्रॉस कंट्रीला मिळून एका कॉलेजला वर्षानुवर्षं १२.६ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, त्या तीस-चाळीस जणांत वाटल्या जायच्या. २०२५ च्या तडजोडीनंतर ती स्वीकारलेल्या कॉलेजांत मर्यादा शिष्यवृत्तीवर न राहता संघाच्या संख्येवर आली, पण प्रत्येकाला पूर्ण पैसे द्यावेत असं बंधन नाही. म्हणून उरलेले पैसे कोण भरणार, हे आधी लेखी विचारा. करार एका वर्षाचा की चार वर्षांचा? दुखापत झाली तर शिष्यवृत्ती राहते का? प्रशिक्षक बदलला तर? कॉलेजचा आय-२० कागद मिळवायला पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय दाखवावी लागते. व्हिसाची फी १८५ डॉलर, सेव्हिसची ३५० डॉलर, वर विमानाचं तिकीट. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास, तेही कॅम्पसवरच काम करता येतं. कॉलेजांनी खेळाडूंना द्यायला सुरुवात केलेले ते नवे पैसे आणि जाहिरातींची कमाई परदेशी विद्यार्थ्याने घेतली तर व्हिसाच धोक्यात येऊ शकतो. आणि चळवळीतल्या पोरांनी हेही लक्षात ठेवावं की जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांना सोशल मीडियाची खाती सर्वांसाठी खुली ठेवायला सांगितलं जातं.

राहिला एजंट. मी त्या बापाचं पत्रक पुन्हा मागवून नीट वाचलं. त्यात 'कोलंबिया विद्यापीठात खेळाची शिष्यवृत्ती' असंही छापलं होतं. बाबासाहेबांचं विद्यापीठ म्हटल्यावर आपला माणूस विरघळणारच. पण कोलंबिया आयव्ही लीगमध्ये आहे आणि आयव्ही लीगमधलं एकही विद्यापीठ खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही. तिथे मदत घरची गरज पाहून मिळते. एजंटाची परीक्षा घ्यायला हा एक प्रश्न पुरेसा आहे. 'शंभर टक्के खात्री' देणारा माणूस खोटं बोलतो, कारण निर्णय प्रशिक्षक आणि विद्यापीठ घेतात. प्रशिक्षकांचे ईमेल कॉलेजांच्या संकेतस्थळांवर उघडपणे असतात. पोराची वेळ, गुणपत्रिका आणि मोबाईलवर काढलेला शर्यतीचा व्हिडिओ जोडून शंभर प्रशिक्षकांना पत्रं लिहायला तीन लाख लागत नाहीत. एक संगणक आणि इंग्रजी येणारा एक कार्यकर्ता लागतो.

हे सगळं जमवलं तरी एक भिंत उरते, आणि ती सरकारने बांधलेली आहे. अनुसूचित जातींसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडीसाठी आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही तशीच. कॉलेजचा खेळाडू मात्र बारावीनंतर पदवीसाठी जातो. म्हणजे कॉलेजने सत्तर टक्के खर्च उचलला तरी उरलेल्या तीस टक्क्यांसाठी आपल्या पोराला एकही दार नाही. ज्याच्या बापाकडे तीस टक्के आहेत तोच जाणार. गुणवत्ता मैदानावर सिद्ध झाली, तरी निवड पुन्हा बापाच्या खिशावरच.

अर्धवट शिष्यवृत्ती काय असते हे आपल्याला बाबासाहेबांच्या आयुष्यातून कळायला हवं. १९१३ मध्ये बडोद्याच्या महाराजांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबियाला गेले. मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. करारापोटी बडोद्यात नोकरी पत्करली, तर राहायला जागा मिळेना. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेल्या कर्जावर. प्रत्येकाला असा मित्र मिळत नाही, म्हणून तर योजना लागतात.

तेव्हा मागणी स्पष्ट असू द्या. परदेशी विद्यापीठाने खेळाची शिष्यवृत्ती लेखी मंजूर केलेल्या अनुसूचित जाती, जमाती, भटक्या-विमुक्त आणि ओबीसी खेळाडूंना उरलेला खर्च, व्हिसा आणि प्रवास सामाजिक न्याय विभागाने द्यावा. जिल्हा क्रीडा संकुलांत इलेक्ट्रॉनिक वेळेची सोय करावी. निवेदनं आपण देतोच, या वेळी यादीत हेही घाला.

आणि जे सरकारशिवाय होऊ शकतं ते आजच करा. विहारातल्या अभ्यासिकेत नववीच्या खेळाडूंची यादी करा, त्यांचं गणित आणि इंग्रजी कुणीतरी पक्कं करून घ्या. डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात किती पोरांची परीक्षा फी निघते, याचा हिशेब मंडळांनी स्वतः मांडावा.

त्या बापाला मी सांगितलं, दादा, प्लॉट काढू नका. पोराला रविवारी विहारात पाठवा, येताना नववी-दहावीच्या गुणपत्रिका आणायला सांगा. निवड होईलच असं मी म्हणणार नाही. पण नाही झाली तरी त्याचं गणित आणि इंग्रजी त्याच्याकडेच राहील, एजंटाला दिलेले तीन लाख राहिले नसते.

काकांनाही रविवारी बोलावलं आहे. पोरगा पळून आला की त्याचा अभ्यास तेच घेणार आहेत.

जय भीम!