कपाळावर राख, पोटात गोळा

१४ फेब्रुवारी २०२४. ऑफिसभर लाल फुगे, प्रत्येकीच्या टेबलावर गुलाब, आणि माझी वसईकर मैत्रीण कपाळावर काळपट क्रूस घेऊन लंचला हजर. ‘अगं, काहीतरी लागलंय तुला,’ म्हणत मी टिश्यू पुढे केला. ‘पुसू नको बाई! सकाळच्या मिस्साला जाऊन लावून आलेय.’

त्या वर्षी व्हॅलेंटाइन डे आणि राखेचा बुधवार एकाच दिवशी आले होते. २०१८ मध्येही आले होते आणि पुढे २०२९ मध्ये येणार आहेत. तर मंडळी, कॅथलिकांचा उपवासकाळ, म्हणजे लेंट, या बुधवारी सुरू होतो. ईस्टरपर्यंतचे रविवार वगळले की बरोब्बर ४० दिवस. राख असते आदल्या वर्षीच्या पाम संडेच्या झावळ्या जाळून केलेली. १८ ते ५९ वयाच्यांनी या बुधवारी आणि गुड फ्रायडेला एकदाच पोटभर जेवायचं, चिकन-मटण बंद. मासे चालतात. (वसईकरांची चांगलीच सोय आहे की, असं मी म्हटल्यावर तिने डोळे वटारले.)

‘सोडायचं काय, ते सोपं असतं गं. माझ्या भावाने इन्स्टा सोडलंय. खरं टेन्शन कन्फेशनचं.’

कन्फेशनबद्दलचं माझं ज्ञान म्हणजे हिंदी सिनेमा. जाळीच्या पलीकडे फादर, अलीकडे हीरो, मागे व्हायोलिन. मी माझा फंडा झाडला, ‘म्हणजे वर्षभर वाट्टेल ते करा आणि लेंटमध्ये डिलीट मारा. मस्तच!’

ती चिडली नाही. चमचा खाली ठेवून म्हणाली, ‘आधी मनापासून वाईट वाटायला लागतं. मग स्वतःच्या तोंडाने सांगायचं, तेही “परिस्थितीच तशी होती” वगैरे शेपूट न लावता. फादर ते कुणालाच सांगू शकत नाहीत, कधीच. क्षमा करतो तो देव. पण चोरलं असशील तर परत करायचं, कुणाचं नाव खराब केलं असशील तर ते सावरायचं. देवाने माफ केलं म्हणून त्या माणसाचा हिशेब मिटत नाही.’

माझ्या पोटात गोळा आला.

कारण माझ्याकडे एक माणूस होता. आधीच्या नोकरीत माझ्या लेखात एक आकडा चुकला होता. साधासुधा नाही, वकिलाची नोटीस येण्याइतका. मीटिंगमध्ये बॉसने विचारलं, ‘हे कुणी चेक केलं?’ आणि सगळ्यांच्या नजरा ट्रेनी मुलाकडे वळल्या. मी काहीच बोलले नाही. खोटं बोलले नाही, हे मी स्वतःला तीन वर्षं सांगत होते. पुढच्या महिन्यात त्याला कायम केलं नाही.

एका शुक्रवारी मैत्रिणीबरोबर विरार लोकल पकडून वसईला गेले. चर्चमध्ये ‘क्रुसाची वाट’ चालू होती. भिंतीवरची १४ चित्रं, प्रत्येकापुढे थांबून मराठीत प्रार्थना. मागे कन्फेशनची रांग. लाल लुगड्यातली आजी, तिच्यामागे लॅपटॉपची बॅग अडकवलेला मुलगा. या आजीने असं काय पाप केलं असेल, असं मला वाटलंच. मग मैत्रिणीने सांगितलं की २०१४ च्या लेंटमध्ये तर खुद्द पोप फ्रान्सिस सेंट पीटर्समध्ये सगळ्यांसमोर एका साध्या फादरपुढे गुडघे टेकून बसले होते. पोपच रांगेत, तर आजीचं काय घेऊन बसलात!

परतीच्या गाडीत तिने उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली. पैसे उडवून, डुकरं राखून घरी निघालेला मुलगा वाटेत माफीचं वाक्य पाठ करत येतो, आणि बाप त्याला ते पुरतं बोलूसुद्धा देत नाही, धावत येऊन मिठीच मारतो. गोष्ट ऐकून गलबलायला झालं, खोटं कशाला सांगू. पण मला फोन करायचा होता तो काही माझा बाप नव्हता.

फोन केला. माझंही वाक्य पाठ होतं. त्याने मात्र ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘मला तेव्हाच माहीत होतं. बॉसला सांगितलंस?’

नव्हतं सांगितलं. ते सुचलंच नव्हतं मला.

त्या रात्री बॉसना मेल लिहिला, तेव्हाच्या टीमलाही सीसी केलं. चार ओळींना दोन तास लागले. ‘परिस्थितीच तशी होती’ तीनदा टाइप करून तीनदा खोडलं. बॉसचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, ‘नोटेड.’ त्या मुलाला कॉपी पाठवली, तर निळ्या टिक आल्या आणि गप्प.

ईस्टरला मैत्रिणीने घरी जेवायला बोलावलं. इंदियाल नावाचं झणझणीत मटण होतं, ४० दिवसांचं उट्टं काढणारं. तिच्या आईने तिसऱ्यांदा वाढलं तेवढ्यात फोन वाजला. त्याचाच मेसेज होता, ‘मेल वाचला. अजून राग आहे. पुढच्या आठवड्यात दादरला येतोय, चहा घेऊ.’