आधी नदी, मग नौका

शहरातून वाहणाऱ्या नदीत सहलीची नौका सोडावी, तासभर लोकांस पाण्यावरून हिंडवून आणावे, दोन्ही तीरांवरच्या इमारती दाखवाव्या, आणि त्या निमित्ताने गावाचे नाव चार परगावच्या माणसांच्या तोंडी व्हावे, ही हौस आपल्या देशातील नगरांस अलीकडे जडली आहे. ती वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्या नदीच्या काठी गाव वसले तिच्याकडेच गावाने पाठ करावी, तिच्यात केरकचरा लोटावा आणि पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावावा, हा प्रकार आपण पुष्कळ वर्षे पाहत आलो आहोत. लोक नौकेत बसून पुन्हा नदीकडे पाहू लागले तर त्यात लाभच आहे. परंतु नौका विकत घेता येते, धक्का ठेकेदाराकडून बांधून घेता येतो. तासाभराचा विहार निर्वेध व्हावा यासाठी ज्या दोन गोष्टी लागतात त्या मात्र बाजारात मिळत नाहीत. नदीत मैला जाऊ न देणारी नगरव्यवस्था ही पहिली, आणि धनदांडग्या मालकासही न भिणारी नौकांची तपासणी ही दुसरी. या दोहोंवाचून नौका सोडणे म्हणजे पाया खणण्यापूर्वी कळस चढविण्यासारखे होय. आमचे हे म्हणणे कोणास कडू वाटेल. म्हणून ज्या शहराचे उदाहरण आपले नगरपिते उठल्याबसल्या देतात, त्या लंडनचीच साक्ष काढू.

वेस्टमिन्स्टरच्या धक्क्यावरून निघालेली सहलीची नौका थेम्स नदीतून सुमारे तासाभरात ग्रिनिचला पोचते. तेवढ्या वेळात प्रवाशाच्या डोळ्यांपुढून पार्लमेंटचे मनोरे, सेंट पॉलचा घुमट, टॉवरचा जुना किल्ला आणि १८९४ साली खुला झालेला टॉवर ब्रिज ही सर्व एकामागून एक जातात. भारतीय मनुष्यास हा देखावा पाहताना निव्वळ आनंद होईल असे नाही. ज्या पार्लमेंटात १८९२ साली दादाभाई नौरोजी निवडून गेले, त्याच पार्लमेंटाने हिंदुस्थानच्या दारिद्र्याची त्यांची कैफियत वर्षानुवर्षे ऐकून न ऐकल्यासारखी केली. टॉवरच्या तटाआड जो कोहिनूर ठेवला आहे तो १८४९ साली पंजाब खालसा करताना अल्पवयी दुलीपसिंहाकडून घेतलेला. ग्रिनिचच्या पुढच्या वळणावर ब्लॅकवॉल लागते; तेथे ईस्ट इंडिया कंपनीची गलबते बांधली जात, आणि तिच्या व्यापारासाठी १८०६ साली तेथेच स्वतंत्र गोदी उघडली गेली. या काठाच्या वैभवात आपल्या देशाचा किती वाटा आहे हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको. पण ज्याने आपणांस लुटले त्याच्या घरातील चांगल्या गोष्टीकडेही डोळे मिटून घ्यावे, हे राष्ट्राभिमानाचे लक्षण नव्हे. लंडनपासून शिकावयाचे ते त्याच्या काठावरील दगडांत नाही, त्याच्या पाण्याच्या इतिहासात आहे.

आज ज्या पाण्यावरून प्रवासी मजेत जातात तेच पाणी १८५८ सालच्या उन्हाळ्यात शहराचे उघडे गटार होऊन बसले होते. त्याआधी पंचवीसएक वर्षांत पटकीच्या तीन मोठ्या साथींनी त्या शहरात हजारो माणसे मेली होती; १८५४ साली डॉक्टर जॉन स्नो यांनी दूषित पाण्याकडे बोट दाखविले होते; तरी सरकार हलले नाही. मेले ते बहुतेक गरीब होते. परंतु १८५८ च्या जून महिन्यात उष्मा वाढला आणि नदीची दुर्गंधी पार्लमेंटच्या खिडक्यांतून आत शिरली. पडदे चुन्याच्या क्लोराइडात भिजवून टांगले, तरी सभासदांस बसवेना. तेव्हा मात्र विधेयक आले आणि अवघ्या १८ दिवसांत त्याचा कायदा झाला! दुर्गंधी कायदे करणारांच्या नाकापर्यंत जाईतो लोकांच्या मरणास किंमत येत नाही, हा राज्यकारभाराचा नियम लंडनने त्या वर्षी सिद्ध करून दाखविला. तो नियम केवळ लंडनपुरता आहे असे मात्र कोणी समजू नये.

त्यानंतर जोसेफ बाझलजेट या इंजिनियराने नदीच्या दोन्ही अंगांनी सुमारे ८२ मैल लांबीची मोठी भुयारी गटारे बांधली. १८७० साली खुला झालेला व्हिक्टोरिया एम्बँकमेंट हा घाट लोक शोभेचा रस्ता म्हणून पाहतात. त्याच्या पोटातून मैल्याचे गटार व आगगाडी अशी दोन्ही जातात. आधी गटार, मग त्यावर शोभा, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तथापि बाझलजेटच्या योजनेतही एक उणीव होती. मैला शहराबाहेर नेला खरा, पण बेक्टन आणि क्रॉसनेस येथे तो भरतीओहोटीच्या हिशेबाने पुन्हा त्याच नदीत सोडला. आपल्या दारातला केर शेजाऱ्याच्या दारात लोटावा, तसाच हा प्रकार झाला.

त्याचे प्रायश्चित्त २० वर्षांनी सहलीच्या नौकेनेच घेतले. ३ सप्टेंबर १८७८ रोजी संध्याकाळी ‘प्रिन्सेस अॅलिस’ ही आगबोट दिवसभराची सहल करून बायकामुलांसह लंडनला परतत होती. वूलिचजवळ तिला ‘बायवेल कॅसल’ या मोठ्या जहाजाची धडक बसली आणि काही मिनिटांत ती दुभंगून बुडाली. सहाशेहून अधिक माणसे मेली. जेथे ती बुडाली तेथेच थोड्या वेळापूर्वी शहराचा मैला सोडण्यात आला होता. पोहता येणारांसही त्या पाण्यात श्वास घेणे कठीण झाले, असे त्या वेळी बोलले गेले. बेभरवशाची वाहतूक आणि घाण पाणी हे दोन दोष एरवी निरनिराळ्या खात्यांच्या दप्तरात असतात. त्या संध्याकाळी ते एकाच जागी भेटले, आणि त्यांच्या मध्ये सहलीला निघालेली कुटुंबे सापडली.

पुढे १८८७ पासून मैल्याचा गाळ जहाजांनी समुद्रात नेऊन टाकू लागले. तरी नदी सुधारली नाही. १९५७ साली लंडनमधील थेम्स जीवशून्य झाल्याचे तज्ज्ञांनी जाहीर केले. मग शुद्धीकरणाची केंद्रे नव्याने उभारण्यात आली, कारखान्यांवर बंधने आली, आणि १९७४ साली फार वर्षांनी तीत सामन मासा पुन्हा आढळला. इतक्यानेही काम संपले असे त्या शहराने मानले नाही. पाऊस पडला की जुनी गटारे तुंबून मैला नदीत उतरे; तो अडविण्यासाठी नदीखालून २५ किलोमीटर लांबीचे नवे भुयार खणण्यात आले, आणि ते २०२५ साली पूर्णपणे जोडले गेले. १८५८ ते २०२५! तासाभराच्या विहारामागे १६७ वर्षांचा कारभार उभा आहे, आणि तोही पुरा झाला असे नाही.

नौकांच्या सुरक्षिततेची कथा याहून निराळी नाही. २० ऑगस्ट १९८९ च्या पहाटे ‘मार्चियनेस’ नावाच्या सहलीच्या नौकेस गाळ उपसणाऱ्या जहाजाची धडक बसून ऐन शहराच्या मध्यभागी ५१ माणसे बुडाली. मृतांच्या नातलगांनी दशकभर चिकाटी धरली तेव्हा कोठे पूर्ण न्यायिक चौकशी झाली. आणि २००२ च्या जानेवारीत थेम्सवर जीवरक्षक नौकांची चार ठाणी उघडली. जगाच्या समुद्रावर सत्ता गाजविलेल्या राष्ट्रास आपल्या राजधानीच्या नदीत बुडणारांस वाचविणारी नौका ठेवण्याची बुद्धी एकविसाव्या शतकात व्हावी, यावरून सुधारणा किती मंद पावलांनी चालते ते दिसेल.

आता आपल्याकडे वळू. केरळात थेक्कडी येथे ३० सप्टेंबर २००९ रोजी सहलीची नौका कलंडून ४५ जण मेले. त्याच प्रांतात तानूर येथे ७ मे २०२३ रोजी, मासेमारीच्या होडीचे रूपांतर करून बनविलेली नौका क्षमतेहून अधिक माणसे घेऊन सूर्यास्तानंतर निघाली आणि २२ जण मेले. त्यांत लेकरेच पुष्कळ. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीतील १२ मुले व २ शिक्षिका बुडाल्या. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेटवेहून घारापुरीस निघालेल्या नौकेस आरमाराच्या वेगवान नौकेची धडक बसून १५ जणांचा अंत झाला, आणि त्यानंतर प्रवाशांनी जीवरक्षक जाकिटे घातलीच पाहिजेत अशी सक्ती झाली. प्रत्येक वेळी क्रम तोच: आधी प्रेते, मग समिती, मग नियम, आणि थोड्याच दिवसांत नियमाचे विस्मरण.

आमच्या देशात कायदा नाही म्हणून हे घडते काय? मुळीच नाही. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ साली अंतर्देशीय जलवाहतुकीच्या नौकांचा नवा कायदा झाला. नौकेची नोंदणी, तपासणी, जीवरक्षक साधने, विमा, अपघाताची चौकशी या सर्वांची तरतूद त्यात आहे. कायदा पोथीत आहे. धक्क्यावर तो दिसत नाही. ठेका देणारी नगरपालिका, तपासणी करणारे खाते आणि उत्पन्नाचा वाटा घेणारे मंडळ ही सर्व एकमेकांस धरून असली, तर नौकेत दहा माणसे अधिक बसली हे सांगणार कोण? स्वतःच्या खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व कोर्टाइतकेच नदीच्या धक्क्यासही लागू आहे.

पाण्याचे काय, हे अहमदाबादेत पाहावे. ज्या साबरमतीच्या तीरावर १९१७ साली गांधीजींनी आश्रम वसविला आणि जेथून १२ मार्च १९३० रोजी ते दांडीस निघाले, त्या नदीत २०२३ सालापासून भोजनाची सोय असलेली सहलीची नौका फिरू लागली. काठ सुंदर बांधला आहे, यात शंका नाही. पण बंधाऱ्याने अडविलेल्या या पात्रात जे पाणी दिसते ते मुख्यतः नर्मदेच्या कालव्यातून आणलेले. शहर ओलांडून नदी खाली उतरली की कारखान्यांचे व गटारांचे पाणी तीत मिसळते. त्या प्रदूषणाची गुजरातच्या उच्च न्यायालयास २०२१ साली आपण होऊन दखल घ्यावी लागली. बेक्टनची चूक ती हीच. पाहुण्यास दिवाणखाना दाखवावा आणि मोरी शेजाऱ्याच्या अंगणात सोडावी, याला नदीसुधारणा म्हणता येत नाही.

पुण्याच्या मुळा-मुठेचीही कसोटी याच ठिकाणी लागणार आहे. तिच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या कर्जसाहाय्याची योजना २०१६ साली ठरली. सुमारे ९९० कोटी रुपये खर्च आणि ११ शुद्धीकरण केंद्रे अशी तिची मूळ आखणी. ठरलेली मुदत उलटून गेली, केंद्रांचे काम रेंगाळले, आणि मध्यंतरी काठ सुशोभित करण्याचे काम मात्र सुरू झाले! गटाराआधी शोभा, असा हा उलटा क्रम आहे. अशा पाण्यावर उद्या नौका सोडली तर प्रवाशांस दाखविणार काय, आणि त्यांच्या नाकाचा बंदोबस्त करणार कसा?

यावर कोणी म्हणेल की, असे प्रत्येक गोष्टीत अडथळे आणाल तर देशात काहीच नवे व्हावयाचे नाही. नौका आली की नावाड्यांस रोजगार मिळेल, दुकानदारांचे गिऱ्हाईक वाढेल, आणि लोकांची गर्दी होऊ लागली की नदी आपोआप स्वच्छ होईल. यातील पहिली दोन विधाने आम्हांस मान्य आहेत. तिसरे मान्य नाही. कारण नदी आपोआप घाण झाली नाही, तशी ती आपोआप स्वच्छही होणार नाही. आमच्या व्यापारी वाचकांस तर याचा हिशेब सहज समजेल. एका अपघाताने धंद्याची सारी पत जाते आणि ती जाहिरातीने परत मिळत नाही. ज्या मालाखाली नासका माल दडविला आहे त्याची वरची रास कितीही रचली, तरी गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नसते.

म्हणून नदीत सहलीची नौका सोडू पाहणाऱ्या प्रत्येक महानगरपालिकेपुढे आमचे स्पष्ट मागणे आहे. नदीच्या पाण्याची तपासणी त्रयस्थ प्रयोगशाळेकडून व्हावी आणि तिचा निकाल धक्क्यावर भाड्याच्या दराशेजारी मराठीत लावला जावा. नौकेवर किती माणसे बसावी तो आकडा आणि शेवटच्या तपासणीची तारीख नौकेच्या अंगावर ठळक रंगवावी. ठेका देणारे खाते आणि तपासणी करणारे खाते वेगळे असावे. बुडणारास वाचविणारी नौका व शिकलेली माणसे पहिल्या फेरीआधी हजर असावी, पहिल्या अपघातानंतर नव्हे. आणि ती पहिली फेरी नगरसेवकांनी, आयुक्तांनी व जलनिस्सारण खात्याच्या इंजिनियरांनी करावी. तीही शोभेच्या घाटापुरती नको, गावातला पहिला नाला जेथे मिळतो तेथपासून शेवटचा नाला मिळतो तेथपर्यंत. पडदे भिजविण्याची सोय त्यांस देऊ नये.

नागरिकांचेही कर्तव्य आहे. नौका भरली असता ‘आणखी दोघे मावतील’ असे म्हणणारा नावाडी जितका दोषी, तितकाच त्या दोघांत बसणारा प्रवासीही. आकडा मोजावा, जाकीट मागावे, न मिळाल्यास पैसे परत घेऊन उतरावे. लंडनच्या लोकांस हे धडे १८७८ आणि १९८९ साली आपली माणसे गमावून घ्यावे लागले. आपणांस ते आयते लिहिलेले मिळाले आहेत, आणि थेक्कडी, तानूर व हरणी यांनी त्यांवर आपल्याच भाषेत टीपही लिहून ठेवली आहे. एवढे असून जी नगरपालिका नाले तसेच ठेवून नौकेच्या उद्घाटनाचा मुहूर्त काढील, तिला पुढे कोणत्याही चौकशीत ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ ही सबब सांगता येणार नाही.