हेवी डिपॉझिट : घर आपलं, पैसा कोणाचा?

शाळांना सुट्टी लागली की मोहल्ल्यात घरं बदलण्याचा मोसम सुरू होतो. टेम्पोवर गाद्या, कपाट, शिलाई मशीन चढू लागतं आणि इकडे दलालाचा फोन येतो, "सर, खोली हेवीवर देणार का? पार्टी तयार आहे."

मुंबई, मुंब्रा, भिवंडीच्या वाचकांना ‘हेवी’ समजावून सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात : भाडेकरू एकदम मोठी रक्कम देतो, दरमहा भाडं देत नाही आणि मुदत संपली की पूर्ण रक्कम परत घेऊन घर सोडतो. घरमालक खूश, कारण हातात मोठी रक्कम येते. भाडेकरू खूश, कारण भाडं वाचतं. मग वाईट काय?

आम्हालाही हाच प्रश्न पडायचा. अब्बांनी बांधलेल्या घराच्या माडीवर एक खोली-किचन आहे. ते आम्ही चार लाखांवर तीन वर्षांसाठी दिलं होतं. छत गळत होतं, मुलाच्या कॉलेजची फी भरायची होती. रक्कम आली तशी गेली. तीन वर्षांनी भाडेकरू भाभी म्हणाल्या, "भाईजान, आम्ही घर बुक केलंय, आता आमची रक्कम द्या." आमच्याकडे देण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दलाल म्हणाला, "काळजी करू नका, नवी पार्टी आणतो. तिच्या पैशातून जुनीचे द्या." नवी पार्टी पाच महिने मिळाली नाही. भाभींचं बुकिंग हातचं गेलं. त्या जिन्यात भेटायच्या, सलाम करायच्या, पैशाचा शब्द काढायच्या नाहीत. आम्हीच मान खाली घालून निघून जायचो. अखेर घरातलं सोनं मोडलं, थोडी रक्कम मेहुण्यांकडून उसनी घेतली आणि त्यांचे पैसे फेडले.

त्यानंतर एका रात्री आम्ही वही घेऊन बसलो. शेजारच्या तशाच खोलीला महिना सहा हजार भाडं होतं. म्हणजे वर्षाचे बहात्तर हजार, तीन वर्षांचे दोन लाख सोळा हजार. हे भाडं आम्ही सोडलं, कशासाठी? चार लाख वापरायला मिळाले म्हणून. आम्ही समजत होतो की घर कमाई करतंय. प्रत्यक्षात आम्ही कर्ज घेतलं होतं आणि त्याची किंमत दरसाल शेकडा अठराने मोजत होतो!

उलेमा हेच सांगत आले आहेत. परत करायची आणि दरम्यान वापरायची रक्कम म्हणजे कर्ज. कर्ज देणाऱ्याला त्या बदल्यात फुकट घर मिळत असेल तर तो कर्जावरचा फायदा, म्हणजे सूद. कागदावर पाचशे रुपये नाममात्र भाडं लिहिलं तरी अनेक उलेमा ते मान्य करत नाहीत, कारण भाडं घटलं ते त्या रकमेमुळेच. गंमत पाहा, सरकारी कायदाही डिपॉझिट फुकटचं मानत नाही. महाराष्ट्रात भाडेकराराचं मुद्रांक शुल्क काढताना परत करायच्या डिपॉझिटवर दरसाल दहा टक्के रक्कम धरून ती भाड्यात मिळवली जाते.

दुसरी चूक कागदाची. आमचा व्यवहार शंभराच्या स्टॅम्प पेपरवर, नोंदणीविना झाला होता. भाभी भल्या होत्या म्हणून निभावलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. आणि आपल्यासाठी कायद्याच्याही आधी सूरह बकराची २८२वी आयत आहे. कुरआनातली सर्वांत मोठी आयत देण्याघेण्याचं लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे आपण किती सहज विसरतो!

आता आम्ही असं करतो :

• भाडं बाजारभावाने, दरमहा. डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्याइतकंच.

• डिपॉझिट वेगळ्या खात्यात. ते आपलं नाही, त्याला हात लावायचा नाही.

• अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार. आमच्या सहा हजारांच्या खोलीला मुद्रांक शुल्क दोनशेच्या आसपास आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार आली. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही देतो.

• प्रत्येक भाड्याची पावती. कितीही वाद झाला तरी पाणी किंवा वीज तोडायची नाही, कायद्याने तो गुन्हा आहे.

• वर्षातलं एक महिन्याचं भाडं दुरुस्तीसाठी बाजूला. छत गळलं तर दुसऱ्याच्या रकमेकडे नजर जाऊ नये.

• भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही. पण भाड्यातून साठलेली रक्कम निसाबच्या हिशेबात धरायची.

ज्यांनी आधीच हेवीवर घर दिलं आहे, त्यांनी घाबरून भाडेकरूला बाहेर काढू नये. समोरासमोर बसा, रक्कम हप्त्याहप्त्याने परत करा आणि ठरलेलं भाडं सुरू करा. वेळ लागेल, पण रस्ता आहे.

सहा हजारांत आमचं घर काही श्रीमंत झालेलं नाही. पण हल्ली जिन्यात भाडेकरू भेटले तर आधी सलाम आम्ही करतो. अल्लाह आपणा सर्वांच्या कमाईत बरकत देवो. आमीन.