ठाकुरवाडीचा थांबा

पुण्याकडून बोरघाट उतरणारी गाडी ठाकुरवाडीला थांबते. हा थांबा चढणाऱ्या-उतरणाऱ्यांसाठी नसतो. घाटाचा चढ सदतीसास एक, आणि गाडी ताब्यात आहे हे उभी करून दाखवल्याशिवाय पुढचा मार्ग मिळत नाही. इंजिनातला काटा काय दाखवतो यावर कुणी समाधान मानत नाही. चाक थांबले पाहिजे.

भातकापणी उरकली की कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या ठाकूरवाड्यांभोवतीची खाचरे मोकळी होतात आणि आपल्यातल्या अनेकांच्या गाड्यांच्या डिक्कीत रेडिओवर उडणाऱ्या मॉडेल विमानांचे पंख दिसू लागतात. यंदाच्या हंगामाच्या तोंडावर आमचे सांगणे एवढेच आहे, की रेल्वेचा हा थांबा आपणही पाळावा. विशेषतः ज्यांच्या ट्रान्समीटरमध्ये मिक्सची, म्हणजे एका हुकमाला दुसरा जोडण्याच्या जोडण्यांची, पाने भरली आहेत त्यांनी.

असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला एका मोडलेल्या विमानाने दिला. दोन हंगामांपूर्वी आम्ही कोरोप्लास्टचे मीटरभर पंखाचे डेल्टा बनवले. तसेच विमान एका मित्राकडे होते, झकास उडायचे. त्याच्या रेडिओवरचे एलेव्हॉनचे (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पात्यांचे) आकडे आम्ही जसेच्या तसे आमच्या रेडिओत उतरवले. हातातून सुटताच विमान पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे उसळले आणि तिसऱ्या उसळीला बांधावर नाक आपटून बसले. घरी येऊन पाहिले तेव्हा उलगडा झाला. मित्राच्या सर्वोच्या हॉर्नवर पुशरॉड आतल्या भोकात होता, आमचा सर्वांत बाहेरच्या. रेडिओवर टक्के तेच, पण एलेव्हॉन जवळजवळ दुप्पट हलत होता. रेडिओने काहीच चूक केली नव्हती. टक्के म्हणजे हालचाल, असे आम्ही धरून चाललो होतो.

टक्के ही रेडिओची भाषा आहे. हवेला मिलिमीटर कळतात. हॉर्नची लांबी, सर्वोचा फिरण्याचा कोन, पुशरॉडचे भोक, एन्ड पॉइंट, यांतले एक जरी बदलले तरी त्याच टक्क्यांत वेगळे विमान उडते.

म्हणून मिक्सचे काम रेडिओच्या पडद्यावर सुरू करू नये. आधी सगळे मिक्स बंद, ट्रिम आणि सबट्रिम शून्यावर. सर्वोचा हात पुशरॉडशी काटकोनात बसवा. तो एका दात्याने तिरका बसत असेल तर हात फिरवून किंवा बदलून पाहा आणि उरलेला बारीक फरकच सबट्रिमने काढा. दोन्ही बाजूंची भोके सारखी हवीत. पाते मध्यावर आणायचे ते क्लेव्हिस फिरवून. डेल्टाला मध्यावरही दोन्ही एलेव्हॉन किंचित वर लागतात. आमच्या दुसऱ्या डेल्टाला दोन-तीन मिलिमीटर पुरले.

मग दिशा. प्रोपेलर काढा आणि विमानाच्या मागे उभे राहा. एलिव्हेटरची स्टिक ओढली की दोन्ही एलेव्हॉन वर गेले पाहिजेत. एक वर, एक खाली गेला तर खाली जाणाऱ्या सर्वोची दिशा रिव्हर्स करा. दोन्ही खाली गेले तर दोघांची. आता स्टिक उजवीकडे: उजवा वर, डावा खाली. उलटे झाले तर एलरॉनच्या मिक्सला उणे चिन्ह द्या. साध्या रेडिओवर तशी सोय नसेल तर रिसीव्हरवरचे दोन प्लग अदलाबदल करा. मात्र रिव्हर्स ही चॅनेलला चिकटलेली असते, सर्वोला नव्हे. प्लग हलले की एलिव्हेटरची तपासणी पुन्हा पहिल्यापासून. घाईत विमान उलटे बांधले जाते ते बहुधा इथेच.

यानंतर बेरीज. एलेव्हॉनला एलिव्हेटर आणि एलरॉन दोघांचे हुकूम एकदम येतात. दोघांना शंभर-शंभर टक्के दिले तर कोपऱ्यातल्या स्टिकला एका सर्वोकडून दोनशेची मागणी होते आणि तो शंभरावर अडतो. पूर्ण एलिव्हेटर ओढून वळणात असताना तुम्ही पंख सरळ करायला जाता, तेव्हा एक एलेव्हॉन जागचा हलतच नाही आणि दुसरा खाली येतो. मागितलेला रोल निम्माच मिळतो, धरलेला एलिव्हेटरही निम्मा सुटतो. म्हणून दोन्ही वाट्यांची बेरीज शंभरात ठेवा. हालचाल कमी पडली तर ती हॉर्नच्या भोकातून वाढवा.

एलेव्हॉन किंवा व्ही-टेल हे मिक्स नसतील तर ते विमान उडतच नाही. बाकीच्या मिक्सचे तसे नाही, आणि तिथे आमचा हात आखडतो. थ्रॉटल दिला की नाक उचलते म्हणून थ्रॉटल-एलिव्हेटर मिक्स टाकणारे पुष्कळ आहेत. त्याआधी मोटरच्या माउंटमागे एखादा वॉशर घालून तिचा रोख खाली करून पाहिला का? गुरुत्वमध्य जागेवर आहे का? सांगाड्यातला दोष मिक्सने झाकला तर तो थ्रॉटलच्या एखाद्या वेगळ्याच जागी पुन्हा डोके काढतो. मोटर पंखावरच्या खांबावर असेल तेव्हा हा मिक्स लागू शकतो, पण तोही वॉशर लावून पाहिल्यानंतर.

एलरॉन-रडरचेही तसेच. खाली गेलेला एलरॉन जास्त ओढ निर्माण करतो आणि नाक वळणाच्या उलट दिशेला जाते. पहिला उपाय डिफरन्शियल: वर जास्त, खाली कमी. तेवढ्याने भागले नाही तर थोडा रडर जोडा, आणि तो स्विचवर ठेवा. स्विचचा हा आग्रह नवा नाही. राइट बंधूंनी १९०२ च्या ग्लायडरवर हलता रडर पंख पिळण्याच्या दोऱ्यांना बांधला होता. मिक्सच म्हणा ना. १९०५ च्या विमानात त्यांनी रडरचा ताबा वेगळा केला. आडव्या वाऱ्यात उतरताना रडर आणि एलरॉन एकमेकांच्या विरुद्ध धरावे लागतात, आणि तिथे कायमचा मिक्स वैमानिकाशीच भांडतो.

फ्लॅपचा मिक्स जमिनीवर पुरा ठरत नाही. वर पंख असलेली बरीच विमाने फ्लॅप सोडताच नाक उचलतात, म्हणून एलिव्हेटर थोडा खाली जोडावा लागतो; किती, ते विमानच सांगते. ही चाचणी दीड-दोनशे फुटांवर, अर्ध्या फ्लॅपने आणि फ्लॅपला सावकाश वेग देऊन करा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या क्षेत्रातही चारशे फुटांची मर्यादा आहे, तेव्हा उंचीची चैन नाही. जागेचा रंग डिजिटल स्कायच्या नकाशावर आधी पाहा.

मैदानावर पोचल्यावर थांबा कसा घ्यायचा? दोघांनी. एकाने स्टिक हलवायची, दुसऱ्याने रेडिओकडे न बघता जे पाते हलताना दिसते ते मोठ्याने सांगायचे: ‘उजवा वर, डावा खाली.’ मग प्रत्येक मिक्सचा स्विच एकदा चालू, एकदा बंद. शेवटी ट्रान्समीटर बंद करून फेलसेफला मोटर थांबते का ते पाहा. हे संपेपर्यंत प्रोपेलर खिशात. एकाच रेडिओत दहा मॉडेल असतील तर पडद्यावरचे नावही वाचा.

वाडीवर जाणाऱ्यांना आणखी एक. भात निघाले म्हणजे खाचर रिकामे असे नाही. त्याच ओलीवर वाल पेरलेला असतो, आणि पडलेले विमान आणायला धावणाऱ्याच्या पायाखाली तो येतो. मालकाला विचारून जागा घ्या. खोपोलीच्या बाजूच्या उच्च दाबाच्या तारांपासून लांब राहा.

आमच्यापुरता थांबा आम्ही आजपासून घेत आहोत. आजवर मासिकातल्या आराखड्यांबरोबर मिक्सचे टक्के छापत आलो. पुढच्या अंकापासून प्रत्येक आराखड्यासोबत पात्यांची हालचाल मिलिमीटरमध्ये, मागच्या कडेपाशी मोजलेली, छापू. वाचकांनीही नोंदी तशाच पाठवाव्यात. टक्के ज्याचे त्याने पट्टी हातात धरून आपल्या रेडिओवर काढावेत.