‘शॉकअप गेलेत’ ऐकलं की लगेच मान डोलावू नका!

घरात नवी गाडी आली, की दहा-बारा वर्षांची जुनी हॅचबॅक ‘आता तूच ने कॉलेजला’ म्हणून आपल्या पदरात पडते. आपण जाम खूश. मग एक दिवस पुढच्या चाकाकडून आवाज यायला लागतो. टक. टक-टक. आपण काय करतो? गाण्याचा आवाज वाढवतो!

तो आवाज गाण्यावरही चढला, की गॅरेज. माझ्या गाडीचा निकाल तिथे दोन मिनिटांत लागला, ‘शॉकअप गेलेत, दोन्ही बदला.’ बदलले. बिल हजारांत. आणि घरी येताना पहिल्याच खड्ड्यात तोच टक-टक! शेवटी दोषी निघाला लिंक रॉड. शॉकअपच्या पुढे अगदी किरकोळ किमतीचा पार्ट. शिवाय गॅरेजवाला सगळा वेळ बोलत होता माझ्या धाकट्या भावाशी, ज्याच्याकडे लायसन्सही नाही. मुलींनो, हा अनुभव तुम्हालाही असेलच.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे. गाडी दुरुस्त करता नाही आली तरी चालेल, पण तिचा आवाज सांगता आला पाहिजे. डॉक्टरकडे जाऊन आपण नुसतं ‘दुखतंय’ म्हणत नाही ना? कुठे, कधी, काय केल्यावर, हे सांगतोच.

आधी डिकी रिकामी करा. हसू नका, सैल स्टेपनी आणि जॅकने भल्याभल्यांना गंडवलंय. मग काचा खाली, गाणी बंद, शेजारी एक मित्र, आणि ओळखीच्या रस्त्यावर दहा-पंधराच्या स्पीडने चक्कर. दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवरून जाताना गाडी शांत, पण एकच चाक खड्ड्यात गेलं की टक-टक? मग संशय लिंक रॉडवर किंवा स्टॅबिलायझर बारच्या बुशवर घ्यायचा. हा बार डाव्या-उजव्या चाकांना जोडतो. दोन्ही चाकं सोबत उचलली गेली तर त्याला पीळ बसत नाही. एकच उचललं की बसतो आणि सैल सांधा वाजतो. एवढं साधं लॉजिक आहे.

ब्रेक मारताना किंवा रिव्हर्स घेताना एकच जाड ‘ठक’ येत असेल तर लोअर आर्मचा बुश बघायला सांगा. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग ‘टंग’ करत उडाल्यासारखी वाटली, तर शॉकअपच्या वरचं माउंटिंग किंवा त्यातलं बेअरिंग. खडखडाट ब्रेकवर हलका पाय ठेवताच थांबतो? मग सस्पेन्शन नाही, ब्रेक पॅड तपासा. आणि पूर्ण वळणावर कट-कट-कट येत असेल तर तो बहुधा ॲक्सलचा सीव्ही जॉइंट, त्याचा शॉकअपशी काही संबंध नाही.

मग शॉकअप गेलेत हे कसं कळणार? बॉनेटचा कोपरा दाबून सोडा. गाडी वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा डुलत राहिली किंवा शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं, तर गॅरेजवाला खरं बोलतोय. मग एकाच ॲक्सलचे दोन्ही बदलावेच लागतात, तिथे कंजुषी नको.

सगळा दोष गॅरेजवाल्यांचा नाही, हेही सांगते. ‘काहीतरी वाजतंय’ एवढ्यावर तो तरी काय करणार? आणि रस्ते! इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे साधा स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, २५ किलोमीटरच्या वेगाने आरामात ओलांडता येईल असा. तुमच्या कॉलेजच्या गेटसमोरचा एकदा टेप लावून मोजाच. आमच्याकडचा तर डांबराची उशी आहे, अरुंद आणि उभट. बुश रबराचे असतात, किती सोसणार?

फक्त एका बाबतीत हिरोगिरी करू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, मग मित्र कितीही ‘पकडलंय रे’ म्हणो. चाक वर-खाली धरून हलवणं, बॉल जॉइंट तपासणं हे गॅरेजमध्ये, गाडी लिफ्टवर किंवा स्टँडवर घेऊन, तुमच्या डोळ्यांसमोर होऊ द्या. खेळ बॉल जॉइंटमध्ये निघाला, तर ‘परीक्षा झाली की बघू’ चालणार नाही. तो निसटला की चाक तिरकं होऊन गाडी ताब्यात राहत नाही. त्या दिवशी गाडी तिथेच सोडा आणि बसने घरी जा.