गाडीची अक्षरे आणि पौषातली पहाट



दिवाळी सरते, कारखान्यांची धुराडी पेटतात आणि आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, दोन प्रकारची बोलणी सुरू होतात. एक सोयरिकीची आणि दुसरी गाडीची. शेतीच्या कामाला ट्रॅक्टर किंवा पिकअप असते. पण म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायला, लेकीला सासरी पोचवायला, चार माणसांनी मिळून शिर्डीला जायला मागे डिकी असलेली बसकी गाडी हवीशी वाटते. विक्रेते तिला सेडान म्हणतात.

गाडी कोणती हे एकदा ठरले, तरी खरा घोळ पुढेच असतो. एकाच गाडीची चार-पाच मॉडेले निघतात. मारुतीच्या डिझायरला एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय आणि झेडएक्सआय प्लस अशी अक्षरे लागतात. होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया, फोक्सवॅगन व्हर्टस या त्याहून लांब गाड्यांची अक्षरे निराळी, पण रीत तीच. खालच्या अक्षरापासून वरच्या अक्षरापर्यंत जाताना लाखालाखाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. त्या पायऱ्या कशासाठी चढायच्या आणि कुठे थांबायचे, एवढाच आजचा विषय.

गावच्या पारावर हे बोलणे कसे रंगते ते तुम्हीही ऐकले असेल.

“आबा, आमच्या वरच्या मॉडेलचं छत उघडतं. पोरं उभी राहून वारा घेतात.”

“उघडू द्या की दाजी. पण पहाटे पाचला तुमची न् आमची गाडी एकाच सेल्फला लागली ना? मग लाख रुपये कशाचे?”

आबांचे म्हणणे बरोबर आहे. साधारणपणे एकाच इंजिनाच्या गाडीत अक्षर बदलले, तरी इंजिन तेच राहते. थंडीत चालू होण्याचा गुण वरच्या मॉडेलला जास्त आणि खालच्याला कमी, असे काही नसते. टर्बो इंजिन किंवा आपोआप गिअर बदलणारी गाडी घेतलीत तर गोष्ट वेगळी. एरवी तुम्ही पैसे मोजता ते दिवे, काचा, चाके, आसने आणि पडद्यासाठी.

आता थंडीचे पाहू. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. गव्हाला ही थंडी मानवते, माणसाला झोंबते, पण आजच्या इंजिनाला तिचे काही वाटत नाही. खरी थंडी लडाखची. तिथे साधे डिझेल थिजते, म्हणून इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे डिझेल काढले. आपल्याला त्याची गरज नाही. अँबेसडर आणि पद्मिनीच्या काळात पहाटे चोक ओढावा लागे, कधी चार जणांना ढकलावेही लागे. अँबेसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. आता इंधन किती सोडायचे हे गाडीतला संगणकच तापमान पाहून ठरवतो.

तरीही हिवाळ्यात गाडी अडते. त्याची कारणे बहुधा तीन असतात आणि तिन्ही आपल्या हातातली आहेत.

पहिले कारण बॅटरीचे. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो. पण तिचे आयुष्य खरे तर एप्रिल-मेच्या उन्हात सरलेले असते, थंडी फक्त ते उघड करते. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर दिवाळीच्या सुमारास तपासून घ्या. पहाटे सेल्फ कण्हायला लागला, म्हणजे तिने सूचना दिली असे समजा.

दुसरे कारण तेलाचे. नव्या गाडीच्या पुस्तकात इंजिन ऑइलचा नंबर दिलेला असतो, जसे झीरो डब्ल्यू ट्वेंटी. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत पातळ राहते आणि लवकर वर चढते. पुष्कळ घरांत ट्रॅक्टरसाठी आणलेला डबा असतो आणि तेच तेल गाडीत ओतायचा मोह होतो. तसे करू नका. ट्रॅक्टरचे तेल जाड असते. थंड इंजिनात ते वेळेवर पोचत नाही आणि झीज होते.

तिसरे कारण चाकांतल्या हवेचे. तापमान दहा अंशांनी उतरले, की हवेचा दाब सुमारे दीड पौंडाने कमी होतो. दुपारी तीस अंशांत भरलेली हवा पहाटे दहा अंशांत तीनेक पौंड कमी भरते. म्हणून हवा सकाळी, गाडी फार पळवण्याआधी भरावी. कोपरगावकडून समृद्धी महामार्गावर चढणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. वेगात कमी हवेचे चाक तापते आणि फुटते.

शेतकऱ्याच्या घरी आणखी एक गोष्ट असते. ऊबेसाठी मांजर बॉनेटखाली शिरते आणि कडब्याच्या गंजीजवळ उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. गाडी गंजीपासून लांब उभी करा आणि सकाळी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून गाडी ‘तापवत’ बसू नका. काचा लावून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू तर नकाच. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस उठत नाही. अर्धा-एक मिनिट इंजिन चालू ठेवून पहिले दोन किलोमीटर हळू गेले, तर तेवढे तापवणे पुरते.

आता आपल्या उसाचा विषय. आशिया खंडातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून प्रवरानगरचे नाव घेतले जाते. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. त्या काळी उसाची साखर होत होती, आज उसातून पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉलही होते. पेट्रोलमधले हे प्रमाण आता वीस टक्क्यांवर गेले आहे. इथेनॉल थंडीत पेट्रोलइतके सहज पेट घेत नाही. ब्राझीलमध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांना थंड सकाळी सुरू करायला पेट्रोलची वेगळी छोटी टाकी ठेवावी लागे. आपल्या वीस टक्क्यांना आणि आपल्या थंडीला ती वेळ येत नाही, कारण उरलेले ऐंशी टक्के पेट्रोल पेट घ्यायचे काम करते. मात्र लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलच्या दोन-तृतीयांश असते, म्हणून मिश्र इंधनाची ताकद सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. जुनी गाडी घेणार असाल, तर ती या इंधनासाठी बनली आहे का, हे तिच्या पुस्तकात पाहा. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या त्या तयारीने बनतात. गाडी महिना-महिना उभी राहणार असेल, तर अधूनमधून चालवत जा. इथेनॉल पाणी शोषते.

इथवर इंजिनाचे झाले. पण वाचकहो, आपल्या जिल्ह्यात हिवाळ्यातला खरा धोका बॉनेटखाली नसतो. तो रस्त्यावर असतो.

गळिताचा हंगाम आणि धुक्याचे दिवस एकच. प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या कालव्यांखालच्या ओल्या पट्ट्यात पहाटे धुके उतरते. राहुरी, कोल्हार, राहाता, कोपरगाव या रस्त्याने रात्रंदिवस उसाच्या ट्रॉल्या चालतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन. बैलगाड्याही असतात. उसाच्या वाढ्यांनी मागचा दिवा झाकलेला असतो, किंवा दिवाच नसतो.

जरा हिशोब करा. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोर काही दिसले, हे डोक्यात शिरून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद. म्हणजे ३३ मीटर गेले. मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी पस्तीस-छत्तीस मीटर. एकूण सत्तर मीटरच्या आसपास. धुक्यात दिसते किती? कधी तीस मीटर. म्हणजे ट्रॉली दिसल्यावर ब्रेक मारून उपयोग नाही, ती आधीच गाठलेली असते. तोच वेग ४० वर आणला, तर पंचवीस-सव्वीस मीटरांत गाडी थांबते. धुक्यात चाळीसच्या वर जाऊ नये, हा नुसता उपदेश नव्हे, साधे गणित आहे.

आता मॉडेलकडे परत येऊ. हा रस्ता डोळ्यांसमोर ठेवला, की कशाला पैसे द्यायचे ते आपोआप कळते.

मागच्या काचेवर तारांच्या बारीक रेषा असतात. बटण दाबले की काच तापून दव उडते. काही गाड्यांच्या सर्वांत खालच्या मॉडेलला ती सोय मिळत नाही. ती हवी. खाली बसवलेले धुक्याचे दिवे मिळत असतील तर घ्यावेत. धुक्यात हेडलाइटचा अप्पर लावला, तर उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. चांगले दिवे, मागचा वायपर असेल तर तो, आणि मागच्या आसनावर तिघांनाही पुरा पट्टा, हे पाहून घ्या. समोरच्या काचेला आतून वाफ धरली, तर फडक्याने पुसत बसू नका. बाहेरची हवा आत घेऊन एसी लावा, हिवाळ्यातसुद्धा. एसी हवेतली ओल काढून घेतो.

छत उघडण्याचा लाख आणि मोठ्या मिश्रधातूच्या चाकांचा खर्च मात्र पुन्हा विचार करून करा. मोठ्या चाकाला टायरची कड बारीक असते. नगर-मनमाड रस्त्यावर एक खड्डा चुकला, की टायर आणि चाक दोन्ही जातात. लहान चाक, जाड टायर आपल्या शेतरस्त्याला बरा. काही गाड्यांच्या वरच्या मॉडेलात आपोआप ब्रेक लावणारा कॅमेराही येतो. सोय चांगली, पण दाट धुक्यात माणसाला दिसत नाही तेव्हा कॅमेऱ्यालाही नीट दिसत नाही. त्याच्या भरवशावर वेग वाढवू नका.

धडकेच्या चाचणीत मिळणारे तारे ही वरच्या मॉडेलची मिरासदारी नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत स्लाव्हिया, व्हर्टस आणि व्हर्ना यांना २०२३ साली आणि नव्या डिझायरला २०२४ साली पाच तारे मिळाले. ही चाचणी सुरक्षेचे किमान सामान असलेल्या गाडीवर होते. तेव्हा सांगाडा मजबूत असेल, तर तो खालच्या मॉडेललाही तेवढाच मजबूत असतो.

आपल्या नगरलाच लष्करी वाहनांची परीक्षा घेणारी व्हीआरडीई ही संस्था आहे. तिथे गाडीची परीक्षा खडबडीत रस्त्यावर आणि चढावर चालवून होते. तुम्हीही तसेच करा. शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर एकटे बसून गाडी चालवू नका. पाच माणसे आणि डिकीत दोन पोती घेऊन, गावच्या गतिरोधकावरून न्यायला सांगा. गाडीचे पोट घासले, तर अक्षरे कितीही मोठी असोत, ती गाडी आपली नव्हे.

पैशाचा हिशोबही घरात सर्वांनी मिळून करावा. एक लाख जास्तीचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले, तर महिन्याला सुमारे २,१०० रुपये जातात आणि एकूण सव्वा लाखाच्या वर फिटतात. पगारदाराला पगार महिन्याला येतो, उसाचे बिल हंगामाला येते. हप्ता मात्र दर महिन्याच्या त्याच तारखेला दारात उभा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, लांब सेडानवर ४० टक्के. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे गाडीच्या लांबीलाही लागू पडते. सर्वांत खालचे नाही आणि सर्वांत वरचेही नाही, मधले मॉडेल बहुतेक घरांना पुरते. सीएनजीही बहुधा मधल्याच मॉडेलांना मिळते. पण सिलिंडर डिकी खातो, हे आधीच पाहून ठेवा.

शेवटी एक विनंती. ज्या उसाच्या बिलातून गाडीचा हप्ता जातो, तोच ऊस पहाटे अंधारात त्याच रस्त्यावर उभा असतो. ट्रॉली आपली असो, भावकीतली असो की ठेकेदाराची, तिच्या मागे लाल परावर्तक असलेच पाहिजेत, असा कायदाच आहे. फडावरून भरून निघताना मागे एकदा जाऊन पाहा. वाढी दिव्यावर लोंबत असतील तर कापा. चकाकणारी पट्टी नसेल तर लावा. काही शे रुपयांचे काम आहे. चाक पंक्चर होऊन ट्रॉली थांबली, तर ती रस्त्याच्या कडेला घ्या आणि मागे बरेच लांब खुणेसाठी काही ठेवा. नुसता दगड नको, तोच पुढच्याचा काळ ठरतो.

गाडीचे छत उघडो न उघडो, पहाटे निघालेले माणूस संध्याकाळी घरी आले पाहिजे. यंदा गाडी घेणार असाल तर आधी हे पाहा. घेणार नसाल, तर निदान ट्रॉलीची पट्टी आजच आणा.